घरच्या सर्व्हरची राखण : युनिक्सच्या इतिहासातून शिकलेलं



या व्याख्यानमालेतलं आमचं हे दुसरं पुष्प. पहिल्या वेळी आम्ही १९९३ च्या भूकंपानंतर जमवलेल्या आठवणींबद्दल बोललो होतो. शेवटी एका श्रोत्याने साधा प्रश्न विचारला : हे सगळं रेकॉर्डिंग आता ठेवलंय कुठे? तेव्हा 'घरच्या सर्व्हरवर' एवढंच सांगून आम्ही वेळ मारून नेली. आज त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं आहे. ते देताना आमची एक चूकही कबूल करावी लागणार आहे, म्हणून मागच्या वेळी टाळलं होतं.

'आम्ही' म्हणजे कोण, हे आधी सांगतो. धाराशिव शहरात राहणारे, वेगवेगळ्या महाविद्यालयांतून निवृत्त झालेले आम्ही चार प्राध्यापक. दोघे इतिहासाचे, एक मराठीचे आणि बोलायची हौस असलेला हा चौथा तत्त्वज्ञानाचा. संगणकशास्त्राचा एकही नाही. तेव्हा आज जे ऐकाल ते ठेच लागून शिकलेलं आहे, आणि ठेच लागल्यावर पुस्तकं उघडून पाहिलेलं आहे.

फडताळातला संगणक

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं होती. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातला सास्तूरचा परिसर, या पट्ट्यात दगडमातीच्या जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. पुढे अनेक गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. १९९४ ते १९९६ या काळात आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन त्या भागात हिंडलो आणि टेपरेकॉर्डरवर लोकांचं बोलणं घेतलं. एकशे चाळीसच्या आसपास कॅसेट झाल्या.

कॅसेटला बुरशी लागते, फीत चिकटते. म्हणून २०१२ पासून आम्ही एकेक कॅसेट संगणकावर उतरवायला लागलो. त्यासाठी एका कार्यालयाने मोडीत काढलेला संगणक घेतला, त्यात दोन नव्या डिस्क बसवल्या, त्यावर डेबियन नावाची लिनक्सची आवृत्ती घातली आणि तो आमच्यापैकी एकाच्या घरी, मधल्या खोलीतल्या फडताळात ठेवला. सर्व्हर म्हटलं की थंडगार काचेची खोली आणि लुकलुकणारे दिवे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात दिवसरात्र चालू राहून मागणाऱ्याला मागेल ते देणारा कुठलाही संगणक म्हणजे सर्व्हर. आमचा तर फडताळातल्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी होता.

तुम्ही विचाराल, एखाद्या मोठ्या कंपनीच्या सेवेत का नाही ठेवलं? त्या बोलण्यात माणसांची नावं आहेत, भावाभावांतले जमिनीचे वाद आहेत, घरातल्या मृत्यूंचे तपशील आहेत. बोलणाऱ्यांनी ते आमच्या भरवशावर सांगितलं होतं. तो भरवसा आम्हाला पुढे दुसऱ्याच्या हाती द्यायचा नव्हता. विचार चांगला होता. पण भरवसा स्वतःकडे ठेवायचा तर राखणही स्वतःच करावी लागते, हे त्या वेळी पुरतं उमगलं नव्हतं.

शेजारधर्मावर उभी राहिलेली व्यवस्था

लिनक्सचा पूर्वज युनिक्स. १९६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तो घडवायला सुरुवात केली. एकाच यंत्रावर अनेक माणसांनी काम करायचं, हे त्यात मुळापासून गृहीत होतं. म्हणून प्रत्येक फाइलीवर तीन प्रकारचे हक्क असतात : मालकाचे, गटाचे आणि इतरांचे. आपल्या भाषेत मालक, भावकी आणि गाव. कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी चालवायचं, हे या तिघांसाठी वेगवेगळं ठरवता येतं. आणि या सगळ्यांवर एक 'रूट' नावाचा वापरकर्ता. त्याला कुठलीच फाइल बंद नाही. रूट म्हणून काम करणं म्हणजे गावातल्या प्रत्येक घराची किल्ली कमरेला लावून फिरणं.

ही रचना विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत वाढली. तिथे सगळे एकमेकांना ओळखत. त्यामुळे भिंती होत्या, पण दारं लोटलेली असत. एका यंत्राने 'हा माणूस आमचाच' असं म्हटलं की दुसरं यंत्र पासवर्ड न विचारता आत घेई. गावात शेजाऱ्याच्या घरी जाताना कडी वाजवत नाहीत, तसं.

या घराच्या कड्या किती सैल आहेत हे बांधणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी पासवर्डच्या सुरक्षेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड जमवून तपासले. त्यांतले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, फार आखूड तरी होते, शब्दकोशात सापडणारे तरी होते किंवा सहज ताडता येतील असे होते. नीट पाहा, ही मोजणी १९७९ सालची आहे. आपल्या जिल्ह्यात तेव्हा संगणक हा शब्द वर्तमानपत्रातच दिसायचा.

नऊ वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, एका विद्यार्थ्याने इंटरनेटवर स्वतःची नक्कल करत पसरणारा एक प्रोग्राम सोडला. तो टपाल वाटणाऱ्या प्रोग्राममधल्या उघड्या राहिलेल्या खिडकीतून शिरे, 'हा आमचाच' म्हणणाऱ्या यंत्रांच्या ओळखीवर पुढे जाई आणि सोपे पासवर्ड ताडून पाही. तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सहा हजार यंत्रं त्याने आडवी केली. इंटरनेटवर एकूण यंत्रं होती साठ हजारांच्या आसपास. त्या विद्यार्थ्याचं नाव रॉबर्ट टॅपन मॉरिस. पासवर्डवर निबंध लिहिणाऱ्या मॉरिस यांचाच तो मुलगा. बापाने कागदावर लिहिलेला इशारा मुलाने जगभर चालवून दाखवला. त्याला पुढे शिक्षा झाली, आणि तो प्रोग्राम सुटला त्याच महिन्यात अशा संकटांत धावून जाणारी पहिली मदत-यंत्रणा कार्नेगी मेलन विद्यापीठात उभी राहिली. आपल्याकडे तशी यंत्रणा, सर्ट-इन, २००४ साली आली.

भारतात युनिक्स कोणत्या वाटेने आला? मुंबईच्या जुहू भागात राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होतं. देशातल्या मोठ्या शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्याच्या उभारणीत त्या केंद्राचा मोठा वाटा होता. दुसरी वाट बँकांची. १९८० च्या दशकात रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीनंतर बँकांच्या शाखांत संगणक येऊ लागले आणि त्यांतले पुष्कळ युनिक्सवर चालत. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं आणि पलीकडे चष्मा कपाळावर चढवून बसलेले कॅशियर, हे चित्र तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. आपण युनिक्सच्या दारात रांग लावून उभे होतो, फक्त नाव माहीत नव्हतं.

पंचाहत्तर सेंट

थोडं मागे जाऊ. १९८६ साल. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांना संगणक विभागात काम दिलं गेलं. यंत्र कोणी किती वेळ वापरलं याचा हिशेब तिथे पैशांत ठेवत. त्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. एक डॉलरही नव्हे, आपल्याकडच्या बारा आण्यांसारखा मामला म्हणा. दुसऱ्या कोणी खाडाखोड करून जुळवून टाकला असता. स्टॉल त्याच्या मागे लागले. तो माग महिनोन् महिने चालला आणि जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात बसून अमेरिकेच्या लष्करी यंत्रांत शिरणाऱ्या माणसापर्यंत पोचला. तो माणूस मिळालेली माहिती सोव्हिएत गुप्तहेरांना विकत होता.

या गोष्टीतला हेराचा भाग सगळे सांगतात. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो हिशेब. रोजचा खर्च किती होतो हे लिहून ठेवलेलं होतं, म्हणून फरक दिसला. वही नसती तर चोर दिसलाच नसता.

बावीस नंबरचा दरवाजा

इंटरनेटवरच्या यंत्राला अंकांनी ओळखली जाणारी दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. दुरून यंत्रावर काम करण्यासाठी पूर्वी तेवीस नंबरचं दार वापरत. त्यातून पासवर्ड उघडा जाई, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. १९९५ साली फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी असे पासवर्ड चोरून वाचले. तिथले संशोधक तातू इलोनेन यांनी त्याच वर्षी सगळं बोलणं कुलूपबंद करणारी नवी पद्धत लिहिली. तिचं नाव एसएसएच, आणि तिला दार मिळालं बावीस नंबरचं. आज जगातला जवळजवळ प्रत्येक लिनक्स सर्व्हर दुरून याच दाराने उघडतो.

योगायोग असा, की त्याच १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. सुरुवातीच्या स्वस्त खात्यात चित्रं दिसत नसत. टेलिफोनवरून पलीकडच्या युनिक्स यंत्रावर जायचं आणि तिथे हुकूम टंकायचे. पुढे पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीड्या मिळू लागल्या आणि तालुक्याच्या गावातला मुलगाही घरच्या संगणकावर युनिक्ससारखी व्यवस्था चालवू लागला. डेबियनची घोषणा झाली १६ ऑगस्ट १९९३ ला, भूकंपाच्या जेमतेम दीड महिना आधी. ज्या व्यवस्थेवर ते आवाज पुढे राहणार होते, ती त्या घरांच्या पडझडीच्या सुमारासच जन्मत होती.

आता घरच्या सर्व्हरचं बावीस नंबरचं दार इंटरनेटच्या बाजूने उघडं ठेवलं तर काय होतं? आम्ही ठेवलं होतं, म्हणून सांगतो. लिनक्समध्ये कोण आलं, कोणी कडी वाजवली याची नोंदवही आपोआप लिहिली जाते. तिला लॉग म्हणतात. तो लॉग आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा हबकलो. रूट, अॅडमिन, टेस्ट, ओरॅकल, पाय अशी नावं घेऊन रात्रंदिवस कोणीतरी पासवर्ड ताडून पाहत होतं. धाराशिवच्या एका फडताळाशी जगाचं काय वैर? वैर काहीच नाही. ती माणसंच नव्हती. रस्त्यावरच्या प्रत्येक दाराची कडी हलवत जाणारे प्रोग्राम होते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन जगातले लाखो घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. 'आमच्यासारख्या लहान माणसाकडे कोण बघतंय' हा समज घरच्या सर्व्हरचा पहिला शत्रू आहे.

नळदुर्गाची दारं

आपल्या जिल्ह्याच्या लोकांना दरवाजाचं शास्त्र नवं नाही. नळदुर्ग तुम्ही पाहिलाच असेल. आदिलशाहीच्या काळात बोरी नदीचं पाणी बांध घालून किल्ल्याच्या रचनेतच घेतलं आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. पर्यटक नर आणि मादी धबधबे पाहून परततात. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन जायचो तेव्हा सांगायचो, आधी दरवाजा बघा. वाट कशी वळवली आहे, आत येणारा किती बुरुजांच्या माऱ्यात राहतो, ते बघा.

याच विषयावर मराठीत अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक ग्रंथ आहे, रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र. त्यातला दुर्गांचा भाग आम्हाला सर्व्हर राखताना पुन्हा आठवला. किल्ल्याला एकच दरवाजा असणं हा दोष आहे, असं अमात्य सांगतात. कारण तो शत्रूने धरला तर आतल्याला बाहेर पडायला वाट नाही. म्हणून आणखी दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्यात. पण नेहमीच्या वापराला लागतात तेवढ्याच उघड्या ठेवाव्यात, बाकीच्या चिणून टाकाव्यात. घरच्या सर्व्हरचा पहिला नियम यापेक्षा वेगळा नाही. नको ती सेवा बंद करा. नको ते पोर्ट चिणा. बाहेरून यायची गरज नसेल तर बाहेरचं दार मुळात उघडूच नका. उघडायचंच असेल तर रूटला त्या दाराने मज्जाव करा, आणि पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरा, जी ताडता येत नाही. आणि स्वतःसाठी चोरदिंडी ठेवा : यंत्राला जोडता येईल असा एक जुना कीबोर्ड आणि पडदा घरात असू द्या. आम्ही एकदा भिंत उभारताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं होतं, तेव्हा तोच कामी आला.

आमची चूक

आता कबुलीजबाब.

ध्वनिमुद्रणांची नावनिशी लिहायला एक तरुण मदतनीस मिळाला होता. तो सोलापूरहून काम करणार होता. त्याच्यासाठी आम्ही 'स्कॅन' नावाचं खातं उघडलं आणि राउटरमधून बावीस नंबरचं दार बाहेर खुलं केलं. पासवर्ड ठेवला स्कॅन आणि पुढे एक-दोन-तीन. आठवड्यात बदलू म्हणालो. मदतनिसाचं काम संपलं, खातं आणि दार तसंच राहिलं.

२०१९ च्या मे महिन्यात, रात्री दोनच्या सुमारास, ज्यांच्या घरी सर्व्हर होता त्यांच्या पत्नीला जाग आली. त्या म्हणाल्या, "फडताळातला पंखा आज लई घोंघावतोय. रोज असा वाजत नाही." आम्ही म्हणालो, उन्हाळा आहे, तापला असेल. तिसऱ्या रात्री त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा पाहिलं, तर रिकामा बसायला हवा तो संगणक पूर्ण ताकदीने राबत होता. 'स्कॅन'च्या खात्यातून कोणीतरी शिरून आभासी चलन काढणारा प्रोग्राम चालवत होतं. वीज आमची, कमाई त्याची.

इथवर काहीच गेलं नव्हतं. चोराला आमच्या आवाजांत रस नव्हता. नुकसान केलं ते आम्ही. घाबरून त्याच रात्री आम्ही दोन्ही डिस्क पुसल्या आणि व्यवस्था नव्याने घातली. म्हटलं, बाहेरच्या डिस्कवर दर रविवारी प्रत निघते, ती परत आणू. ती डिस्क लावली तेव्हा कळलं, की सात महिन्यांपूर्वी ती भरली होती. त्यानंतरच्या एकाही रविवारी प्रत निघाली नव्हती. प्रोग्रामने चूक लॉगमध्ये इमानाने लिहिली होती. आम्ही लॉग वाचत नव्हतो. मौनाला संमती समजलो होतो.

त्या सात महिन्यांत उतरवलेल्या नऊ कॅसेट गेल्या. सहांच्या मूळ फिती शाबूत होत्या, त्या पुन्हा उतरवल्या. तीन चिकटलेल्या म्हणून टाकून दिल्या होत्या. त्यांतली एक सास्तूरजवळच्या गावातल्या एका आजीबाईंची. चाळीस मिनिटं त्यांनी दुसरं काही सांगितलं नव्हतं. वेशीपासून सुरुवात करून एकेक गल्ली, एकेक घर, डावीकडे कोण, उजवीकडे कोण, कोणाच्या ओसरीवर लिंबाची सावली येई, कोणाचा उंबरा उंच होता. ते गाव जागेवर उरलं नव्हतं, नवं गाव दुसरीकडे सरळ रेषांत वसलं होतं. जुन्या गावाचा एवढा एकच नकाशा होता. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा आजीबाई वारून चार वर्षं झाली होती. एका विद्यार्थिनीच्या वहीत त्या बोलण्याची अकरा पानं निघाली. घरांचा क्रम त्यात आहे. काही घरांपाशी त्या थांबायच्या, बराच वेळ बोलायच्या नाहीत. ते वहीत नाही.

आप्त कोण?

या घटनेनंतर आम्ही अपडेट, कुलूप, भिंत यांबद्दल वाचू लागलो, आणि आमचा जुना विषय पुन्हा समोर आला. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आणि आप्त कोण? वात्स्यायनांचं उत्तर असं, की ज्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो, मग तो ऋषी असो वा म्लेच्छ. घरच्या सर्व्हरवर आपण रोज अपडेट घेतो तेव्हा हेच करत असतो. हजारो अनोळखी माणसांना आप्त मानतो.

केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात याच मानण्यावर बोट ठेवलं. प्रोग्राम घडवणाऱ्या साधनातच फितुरी पेरता येते, आणि मग मूळ लिखाण कितीही वाचलं तरी ती दिसत नाही, हे त्यांनी दाखवलं. युनिक्सच्या जनकानेच सांगितलं, की जे तुम्ही स्वतः घडवलं नाही त्यावर पूर्ण भरवसा शक्य नाही.

भरवसा दोन तऱ्हांनी तुटतो. एक, भल्या हेतूने. २००६ साली डेबियनमध्ये साफसफाई करताना काही ओळी काढल्या गेल्या. त्यामुळे किल्ल्या बनवताना लागणारा यदृच्छेचा साठा जवळजवळ आटला, आणि एका प्रकारच्या शक्य किल्ल्यांची संख्या ३२,७६७ वर आली. हे उघड झालं मे २००८ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं जगभर अशा किल्ल्या वाटल्या जात होत्या. घर झाडताना आपणही कधी कधी कामाचा कागद केरात टाकतो.

दुसरी तऱ्हा फितुरीची. फायली दाबून लहान करणारं 'एक्सझेड' नावाचं एक छोटं साधन आहे. ते एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. जिया टॅन असं नाव सांगणाऱ्या कोणीतरी २०२१ पासून मदत सुरू केली, वर्षानुवर्षं इमानाने काम केलं, विश्वास मिळवला, आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरदार बसवलं. ते बावीस नंबरच्या दरवाजापर्यंत पोचत होतं. त्या नावामागे कोण होतं, हे उघड झालेलं नाही. आप्ताची लक्षणं ठरवून, सावकाश घडवलेली होती.

हे पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड हे डेटाबेसवर काम करणारे अभियंते. आपल्या चाचण्या करताना त्यांना दिसलं, की एसएसएचने आत शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सांगितलं. त्यामुळे ते चोरदार बहुतेक सर्व्हरपर्यंत पोचण्याआधीच चिणलं गेलं.

आता तिन्ही गोष्टी शेजारी ठेवा. स्टॉल यांचे ७५ सेंट. फ्रॉइंड यांचा अर्धा सेकंद. आणि आमच्या वहिनींनी ऐकलेला पंख्याचा आवाज. तिघांनाही रोजचं कसं असतं ते माहीत होतं, म्हणून आजचं वेगळं जाणवलं. कुलपं दुसऱ्यांनी घडवलेली असतात आणि ती घ्यावीतच, अपडेट चुकवू नयेत. कारण माहीत असलेल्या भोकांतून होणारी चोरी कितीतरी जास्त असते. पण आपल्या यंत्राचा रोजचा स्वभाव आपल्यासाठी दुसरं कोणी ओळखून देत नाही. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेला माणूस पाखरांची झुंबड उठल्यावर गोफण उचलतो, कारण त्याला शेताची शांतता ओळखीची असते. बुजगावण्याला ती ओळखीची नसते.

आम्ही आता काय करतो

शेवटी थोडं कामाचं बोलतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही चौघे जमतो. वहिनींचा चहा होतो आणि एक जण लॉग मोठ्याने वाचतो. यंत्राचं तापमान, डिस्क किती भरली, कोण कोण आत आलं, हे एका शंभर पानी वहीत पेनाने लिहितो. वहीत मागच्या महिन्याचा आकडा शेजारी असतो, त्यामुळे फरक लगेच दिसतो. कोणती खाती चालू आहेत ते पाहतो आणि ज्याचं काम संपलं त्याचं खातं त्याच दिवशी बंद करतो. सुरक्षेच्या अपडेट रोज आपोआप येतात. मोठ्या आवृत्तीचा बदल मात्र प्रत काढून, दिवसाउजेडी करतो. बाहेरचं बावीस नंबरचं दार चिणलं आहे. कडी वारंवार वाजवणाऱ्याला काही काळ हाकलून देणारा 'फेलटूबॅन' नावाचा पहारेकरी आतही ठेवला आहे.

प्रतींचा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. भूकंपाच्या आठवणी जमवणाऱ्यांनी सगळ्या प्रती एकाच छपराखाली ठेवाव्यात, याची आम्हाला आजही लाज वाटते. आता एक डिस्क तुळजापुरात एका मित्राच्या घरी असते, आणि दोन महिन्यांनी अदलाबदल होते. तिच्यावर सगळं कुलूपबंद स्वरूपात आहे, आणि कुलपाचा शब्द चौघांच्या घरी कागदावर, बंद पाकिटात आहे. आमची वयं बघता हे पाकीट सर्व्हरइतकंच महत्त्वाचं. शिवाय दर वेळी कुठलीही एक फाइल प्रतीवरून परत आणून पाच मिनिटं ऐकतो. ऐकून पाहिली नाही तोवर ती प्रत आहे असं आम्ही धरत नाही.

आणि घरगुती गोष्टी. आपल्याकडे वीज जाते-येते, म्हणून इन्व्हर्टर आणि यूपीएस. पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की इंटरनेटची तारसुद्धा काढून ठेवतो. उन्हाळ्यात यंत्र फडताळातून बाहेर, फरशीपासून वीतभर उंच. दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या पोटातली धूळही काढतो. बरण्या दुसऱ्या फळीवर गेल्या आहेत.

चोर शिरल्याचा संशय आला तर? आधी इंटरनेटची तार काढा. मग बसा, पाणी प्या. काहीही पुसू नका. डिस्कची जशी आहे तशी प्रत काढा, मगच पुढचं. त्या रात्री हे एवढं आम्हाला माहीत असतं तर आजीबाईंचा आवाज आज तुम्हाला ऐकवता आला असता.

त्या वहीतल्या अकरा पानांवरून आम्ही जुन्या गावाचा नकाशा काढायला घेतला आहे. वेशीपासून तिसऱ्या गल्लीपर्यंत झालाय. तुमच्यापैकी कोणी त्या भागातलं असेल, घरात कोणी जुनं माणूस असेल, तर जरूर कळवा. पुढच्या पुष्पात तो नकाशा घेऊन येऊ.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.